रकान्यातला व्यसनी

व्यसनाच्या जनुकशास्त्रात काम करणाऱ्या डेटा सायंटिस्टबद्दल दोन समजुती रूढ आहेत. एकीप्रमाणे तो हिशेबनीस: डॉक्टरांनी माणसं निवडली, प्रयोगशाळेनं डीएनए वाचला, आता यानं आकडेमोड करून द्यायची. दुसरीप्रमाणे तो ज्योतिषी: भरपूर डेटा आणि तगडा संगणक हाती दिला की कुणाचं मूल पुढं दारूच्या आहारी जाणार हे तो आधीच सांगेल. दोन्ही समजुतींच्या तळाशी एकच गृहीतक आहे. व्यसनी आणि निर्व्यसनी ही विभागणी डेटात आयती मिळते, असं धरून ही मंडळी चालतात. ती आयती मिळत नाही. तक्त्यात एक रकाना असतो, त्यात १ किंवा ० भरलेला असतो, आणि हा आकडा कोणत्या प्रश्नाच्या कोणत्या उत्तरावरून आला हे कुणीतरी कधीतरी ठरवलेलं असतं. या क्षेत्रातला सर्वांत जोखमीचा निर्णय हाच आहे, असं माझं म्हणणं आहे. तिथं गफलत झाली की पुढचं संख्याशास्त्र कितीही काटेकोर असो, ते भलत्याच प्रश्नाचं बिनचूक उत्तर देत बसतं. म्हणून त्या रकान्याची उलटतपासणी हे डेटा सायंटिस्टचं पहिलं काम. मॉडेल वगैरे त्यानंतर.

या क्षेत्राचा पूर्वेतिहास फारसा अभिमानास्पद नाही. १९९० साली अमेरिकेत एक निबंध गाजला. मेंदूतल्या डोपामिन ग्राहकाचं जे जनुक, डीआरडी२, त्याच्या एका विशिष्ट रूपाचा दारूच्या व्यसनाशी संबंध असल्याचा त्यात दावा होता. नमुने होते ३५ मद्यासक्तांचे आणि ३५ इतरांचे. वर्तमानपत्रांनी 'दारूचं जनुक सापडलं' अशी हाकाटी केली. लवकरच इतरांना तो संबंध सापडेनासा झाला. आणि बऱ्याच काळानं असंही लक्षात आलं की डीएनएवरचा तो बिंदू मुळात डीआरडी२मध्ये नाहीच, शेजारच्या एएनकेके१ नावाच्या जनुकात आहे. मधल्या काळात मात्र एकेक आवडतं जनुक निवडून शे-दोनशे लोकांवर पडताळण्याचा धंदा जोरात चालला. आता तो जवळपास बंद पडला आहे. आता डीएनएवरचे लाखो बिंदू एकदम तपासले जातात, आणि निव्वळ योगायोगानं असा निकाल लागण्याची शक्यता १० कोटींत ५ पेक्षा कमी असेल तरच तो बिंदू हिशेबात धरला जातो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या तंबाखू आणि मद्यसेवनाच्या एका अभ्यासात जगभरातले ३४ लाख लोक होते. ७० वरून ३४ लाख! नमुना अपुरा असल्याची तक्रार आता कुणाला करता येणार नाही. पण या यशामुळेच एक सुस्ती आली आहे: आकडा एवढा मोठा आहे म्हटल्यावर त्यात काय मोजलं आहे हे विचारणं किरकोळ वाटू लागलं आहे.

तर मोजतात काय, ते जरा जवळून पाहू. दारूच्या बाबतीत सर्रास वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट'. तिच्यात दहा प्रश्न. पहिले तीन किती आणि कितीदा पिता याबद्दलचे, उरलेले पिण्यावरचा ताबा सुटणं, सकाळी उठल्याबरोबर प्यावीशी वाटणं, पिण्यामुळे झालेली इजा, घरच्यांनी काळजी बोलून दाखवणं अशा गोष्टींचे. वेळ वाचावा म्हणून बऱ्याच ठिकाणी पहिले तीनच विचारतात. त्यातला दुसरा प्रश्न असा, की पिता त्या दिवशी किती 'ड्रिंक' घेता? एक-दोन म्हटलं की शून्य गुण, पाच-सहा म्हटलं की दोन, दहा किंवा जास्त म्हटलं की चार. या हिशेबात एक ड्रिंक म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आता आपल्याकडचा माणूस 'एक क्वार्टर' असं उत्तर देतो. ४२.८ टक्के अल्कोहोलच्या व्हिस्कीची १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे सुमारे ६० ग्रॅम, म्हणजे सहा ड्रिंक. विचारणाऱ्यानं 'एक' लिहून घेतलं तर गुण शून्य, हिशेब करून 'सहा' लिहिलं तर दोन. हातभट्टीच्या दारूत अल्कोहोल किती हे तर पिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. विचारणारी व्यक्ती पुरुष की बाई, जवळ बायको उभी आहे की नाही, यावरून उत्तर बदलतं ते वेगळंच. हा सगळा गोंधळ संगणकावर पोहोचतो तेव्हा ० ते १२ मधला एक नीटनेटका आकडा होऊन पोहोचतो.

त्याहून वाईट अवस्था शून्याची. 'दारू कधी घेता?' या प्रश्नाला 'कधीच नाही' असं उत्तर देणाऱ्यांत गळ्यात तुळशीची माळ असलेला वारकरी असतो, आणि पंधरा वर्षं बेदम पिऊन, दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून, आता नऊ वर्षं थेंबाला न शिवलेला माणूसही असतो. तिसरी असते ती बाई, जिच्यासमोर आयुष्यात कधी ग्लास आलाच नाही. जनुकशास्त्राच्या दृष्टीनं या तिघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. रकान्यात मात्र तिघंही शून्य. यातला दुसरा माणूस निर्व्यसन्यांत धरला गेला की ज्या गोष्टीचा शोध चालला आहे तीच गोष्ट तुलनेच्या दुसऱ्या बाजूलाही जाऊन बसते. तिसरीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जी व्यक्ती कधी त्या पदार्थाच्या वाऱ्यालाच उभी राहिली नाही, तिला व्यसनाची जनुकीय प्रवृत्ती आहे की नाही हे कळायला मार्गच नाही. म्हणून अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनाचा अभ्यास करणारे काही गट तुलनेसाठी अशीच माणसं घेतात, ज्यांना शस्त्रक्रिया वा दुखण्यापायी ही औषधं मिळाली होती आणि तरी व्यसन लागलं नाही. अशी माणसं शोधायची तर नमुना झटकन लहान होतो. हा तोटा पत्करायचा की लाखोंच्या आकड्याचा मोह धरायचा, हे कुठलंही सॉफ्टवेअर ठरवून देत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की नमुना प्रचंड असला म्हणजे असल्या चुका एकमेकींना छेदून जातात. आडव्यातिडव्या, बिनदिशेच्या चुका छेदून जातात हे खरं. एकाच दिशेला झुकलेल्या चुका जात नाहीत. नमुना वाढेल तशी त्यांची खात्री वाढत जाते. याचा पुरावा याच क्षेत्रात आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या 'मिलियन व्हेटरन प्रोग्रॅम'मधून २०१९ साली पावणेतीन लाख लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या: माणूस किती पितो याचे वर सांगितलेल्या तीन प्रश्नांचे गुण, आणि डॉक्टरांनी नोंदवलेलं दारूच्या व्यसनाचं निदान. दोन्हींची काही जनुकं सामाईक निघाली, पण जनुकीय नातेसंबंध वेगळ्या वाटांनी गेले. व्यसनाच्या निदानाचं नातं मानसिक आजारांशी जुळत होतं. पिण्याच्या प्रमाणाचं नातं काही शारीरिक आजारांशी चक्क उलटं निघत होतं, जणू जास्त पिण्याची जनुकं प्रकृतीला मानवतात. पुढं ब्रिटनमधल्या 'यूके बायोबँक'चा डेटा घेऊन चिनी-ऑस्ट्रेलियन संशोधकांनी चुकीची उत्तरं देणारे आणि आजारपणामुळे पिणं कमी केलेले लोक यांचा हिशेब दुरुस्त केला, तेव्हा असली चमत्कारिक नाती बरीचशी ढासळली. याच बायोबँकेसाठी सुमारे ९२ लाख लोकांना निमंत्रणं गेली होती आणि आले साडेपाच टक्के. इतरांपेक्षा निरोगी, सुस्थितीतले, कमी धूम्रपान करणारे. शनिवारी सकाळी हँगओव्हर उतरवत पडलेला माणूस रक्त द्यायला येत नाही. पाच लाखांचे पन्नास लाख केले तरी तो येणार नाही.

उलट, मोजमाप सुधारलं की छोटा नमुनाही बोलू लागतो. पंधराव्या गुणसूत्रावर सीएचआरएनए५ नावाचं जनुक आहे. मेंदूतल्या निकोटिन-ग्राहकाचा एक घटक त्यातून बनतो. २००८ साली त्याचा संबंध रोजच्या सिगारेटींच्या संख्येशी आणि फुप्फुसाच्या कर्करोगाशी लागला आणि वाद सुरू झाला: हे जनुक थेट कर्करोगाला हातभार लावतं, की जास्त सिगारेटी ओढायला लावून? दिवसाला सरासरी एखाद्या सिगारेटीचा फरक कर्करोगाच्या वाढीव धोक्याला पुरत नव्हता. मग काही संशोधकांनी सिगारेटी मोजायचं सोडून रक्तातलं कोटिनिन मोजलं. निकोटिन शरीरात मोडलं की हे रसायन तयार होतं. त्याबरोबर या जनुकाचा दिसणारा प्रभाव चौपट-पाचपट झाला, आणि तोही, एका फिनिश अभ्यासात, अवघ्या काहीशे लोकांत. कारण उघड आहे. दिवसाला दहा सिगारेटी ओढणारी दोन माणसं सारखी नसतात. एक वरवर धूर सोडतो, दुसरा प्रत्येक झुरका छातीत खोल ओढून धरतो. सिगारेटींच्या संख्येत हा फरक हरवत होता. डेटा दसपट करण्यापेक्षा रकाना बदलण्यानं इथं जास्त काम झालं.

सिगारेटींचा विषय निघालाच आहे तर आपल्या देशाकडं वळायला हवं. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे भारतातले २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेतात आणि १०.७ टक्के धूम्रपान करतात. बायकांमध्ये तर १२.८ आणि २ टक्के. 'दिवसाला किती सिगारेटी?' या मोजपट्टीवर बेतलेलं जनुकशास्त्र इथं आणलं, तर दिवसातून चार वेळा मशेरी लावणारी, ती मिळाली नाही तर डोकं धरून बसणारी बाई 'धूम्रपान न करणारी' म्हणून तुलनेच्या निरोगी गटात जाईल. चुना लावून मळलेल्या तंबाखूचा बार दाढेत धरून झोपणाराही तिथंच. निकोटिन मेंदूत फुप्फुसातून गेलं की गालाच्या आतल्या बाजूनं, याच्याशी त्या ग्राहकाला काही देणंघेणं नाही. पण किती वेगानं गेलं याच्याशी आहे. म्हणून नुसतं 'तंबाखू घेता का' असं विचारूनही भागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त आधुनिक आहे. कारण कळो न कळो, भाकीत बरोबर आलं म्हणजे झालं. मशीन लर्निंगला रकान्यांचं तत्त्वज्ञान कशाला हवं? पण भाकीत भलत्याच कारणानंही बरोबर येऊ शकतं. जनुकशास्त्रज्ञ एरिक लँडर आणि निकोलस शॉर्क यांनी १९९४ साली दिलेला एक काल्पनिक दाखला या विषयातल्या प्रत्येकाला पाठ असतो. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये काड्यांनी जेवणाऱ्यांचं 'जनुक' शोधायला निघालात तर ते हमखास सापडेल, कारण चिनी वंशाच्या लोकांत जास्त आढळणारं कुठलंही जनुक काड्यांशी जोडलेलं दिसेल. अफूजन्य औषधांच्या व्यसनाबाबत हे प्रत्यक्षात घडलं. असं भाकीत करण्यासाठी वापरले जाणारे मोजके बिंदू २०२१ साली अमेरिकन संशोधकांनी तपासले, तेव्हा यंत्र व्यसन ओळखतच नव्हतं. ते माणसाची वांशिक पार्श्वभूमी ओळखत होतं. व्यसनी आणि निर्व्यसनी गटांत वंशांचं प्रमाण सारखं केलं की त्याची हुशारी नाणं उडवण्याइतकी उरत होती. तरीही डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 'एव्हर्टडी' नावाच्या चाचणीला मंजुरी दिली. गालाच्या आतून बोळा फिरवायचा, १५ बिंदू वाचायचे आणि शस्त्रक्रियेआधी सांगायचं की या रुग्णाला अफूजन्य औषधाचं व्यसन लागण्याचा धोका आहे की नाही. त्याच प्रशासनाच्या सल्लागार समितीनं आदल्या वर्षी ११ विरुद्ध २ मतांनी प्रतिकूल कौल दिला होता. २०२५च्या जानेवारीत साडेचार लाखांवर माजी सैनिकांच्या डेटावर हे १५ बिंदू पडताळले गेले: शंभरातल्या ४७ जणांबाबत निष्कर्ष चुकीचा. यातलं क्रौर्य दोन्ही बाजूंनी आहे. ज्याला 'धोका' सांगितला तो शस्त्रक्रियेनंतर वेदनेत तळमळेल, आणि ज्याला 'धोका नाही' म्हटलं तो, आणि त्याचा डॉक्टरही, गाफील राहील.

हेच यंत्र भारतात आलं तर ते वंशाऐवजी काय ओळखेल? जात. शतकानुशतकं जातीतच लग्नं होत आल्यानं आपल्याकडच्या समाजांचे जनुकीय ठसे वेगवेगळे झाले आहेत. दोन शेजारच्या गल्ल्यांतले लोक जनुकीय नकाशावर दूर दूर बसू शकतात. आणि कोणाच्या पिण्याची नोंद होते, हेही जातीवर अवलंबून आहे. बंगल्यात पिणाऱ्याचं पिणं खासगी डॉक्टरच्या कपाटात राहतं. वस्तीत पिणाऱ्याचं सरकारी रुग्णालयाच्या नाहीतर पोलिसांच्या वहीत येतं. ही दोन तथ्यं एका तक्त्यात एकत्र आली की कुठलंही मॉडेल अमुक समाजाच्या जनुकांना व्यसनाची जनुकं ठरवून मोकळं होईल, आणि आकडे त्याची साक्ष देतील. ही भीती उगीचची नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं गुन्हेगारी रक्तात असते हे गृहीत धरून अख्ख्या जमाती नोंदवल्या होत्या. पारध्यांसारख्या समाजांना १९५२पर्यंत तो कायदा भोगावा लागला आणि त्याची सावली अजून उतरलेली नाही. त्या वेळी पुरावा म्हणून शिपायाचं मत चालत होतं. उद्या आलेख येईल, तोही रंगीत.

काही सहृदय लोक इथं थांबवतील. व्यसन हा मेंदूचा आजार आहे, त्याला जनुकीय पाया आहे, असं म्हटल्यामुळेच तर व्यसनी माणसावरचा नीतिभ्रष्टतेचा शिक्का पुसला जातो. तुम्ही तो आधारच काढून घेता! या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धं. मानसिक आजारांच्या जैविक स्पष्टीकरणांवरचे बरेच प्रयोग २०१३ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा दिसलं की अशा स्पष्टीकरणानं दोष देणं कमी होतं, पण हा माणूस बरा होणार नाही ही भावना बळावते. 'त्याची चूक नाही' आणि 'त्याचं काही होणार नाही' ही दोन वाक्यं एकाच श्वासात बोलली जातात. आणि दुसरं वाक्य पुराव्याला धरून नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दारूच्या व्यसनातली अनुवंशिकता सुमारे निम्मी येते, हे वारंवार सांगितलं जातं. हा निम्मा हिस्सा एका समाजातल्या, एका काळातल्या माणसामाणसांमधल्या फरकाचा आहे. एखाद्याचं अर्धं व्यसन जनुकांतून आलं, असा त्याचा अर्थ होत नाही. २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात भारतातले २७.३ टक्के पुरुष आणि १.६ टक्के स्त्रिया दारू पिणारे निघाले, एका बाईमागं सतरा पुरुष. भाऊ-बहिणींच्या वाट्याला जनुकं त्याच आईबापांची येतात. हे सतरापटीचं अंतर समाजाच्या मुभेनं पाडलं आहे. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांपैकी जवळपास पाचातला एक हेरॉइनच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स यांनी परतलेल्यांचा माग काढला तेव्हा त्यांतले वर्षभरात पुन्हा आहारी गेलेले पाच टक्क्यांच्या आसपास भरले. जनुकं तीच, देश बदलला.

मग हा खटाटोप करायचाच कशाला? हा सर्वांत रास्त प्रश्न, आणि त्याचं उत्तर माझ्या मते भाकितात सापडणार नाही, शरीराच्या यंत्रणेत सापडेल. सीएचआरएनए५ हुडकलं गेलं म्हणून उंदरांमधून तो घटक काढून पाहता आला. २०११ साली दिसलं की असे उंदीर निकोटिनचा मोठा डोसही न थांबता घेत राहतात. 'आता पुरे' असं सांगणारी मेंदूतली कडवट सूचनाच त्यांच्यात मंद झालेली असते. व्यसन म्हणजे सुखाचा अतिरेक, हे चित्र त्यामुळे बदललं. जपान, चीन, कोरियात अनेकांना एएलडीएच२ या जनुकाच्या एका रूपामुळे दारूचा घोट घेताच चेहरा लाल होऊन मळमळतं आणि दारूच्या व्यसनापासून बरंच संरक्षण मिळतं. आपल्याकडच्या व्यसनमुक्तीत जुनं असलेलं डायसल्फिराम नेमकं याच जनुकातून बनणारं विकर अडवतं. निकोटिन मोडण्याचा वेग बव्हंशी सीवायपी२ए६ या जनुकावर ठरतो, हे कळल्यावर २०१५ साली १,२४६ धूम्रपान करणाऱ्यांवर चाचणी झाली. वेगानं मोडणाऱ्यांना व्हारेनिक्लिनच्या गोळ्यांचा पॅचपेक्षा जास्त उपयोग झाला, संथपणे मोडणाऱ्यांत तसा फरक नव्हता आणि त्यांना गोळ्यांचा त्रास मात्र जास्त. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की रुग्णांची विभागणी करताना जनुक वाचलंच नाही. रक्तातल्या दोन रसायनांचं गुणोत्तर मोजलं. जनुकानं वाट दाखवली आणि बाजूला झालं.

भारतात हे काम आता सुरू होण्याच्या बेतात आहे. 'जीनोम इंडिया' प्रकल्पातून १०,००० भारतीयांचा जनुकीय आराखडा तयार झाला आणि २०२५च्या जानेवारीत फरिदाबादच्या जैविक माहिती केंद्रामार्फत संशोधकांसाठी खुला झाला. उद्या याला व्यसनाची माहिती जोडायचा विचार कुणाच्या तरी मनात येईल, आणि वेळेअभावी बाहेरची प्रश्नावली जशीच्या तशी भाषांतर करून वापरायचा मोहही होईल. ती ठरवण्याच्या बैठकीला डेटा सायंटिस्ट हवा, आणि त्याच्या शेजारी व्यसनमुक्ती केंद्रातला समुपदेशक हवा, कारण माणूस 'सोडली' म्हणतो तेव्हा किती महिन्यांसाठी, आणि कुणाच्या लग्नात पुन्हा सुरू होते, हे त्याला ठाऊक असतं. यानं काम रेंगाळेल, निबंध कमी निघतील, अनुदान देणारे कुरकुर करतील, मान्य. पण प्रश्नावली छापायला जाण्याआधी दोन महिने वाद घालणं परवडतं. नमुने फ्रीझरमध्ये गेल्यावर दहा हजार लोकांना पुन्हा गाठून 'बाई, तुम्ही मशेरी लावता का?' हे विचारत फिरणं परवडत नाही.